बेअरिंग दत्तानं बसवली होती

दोन हजार बारा साल. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलीला नाही, गावदेवीसमोर डोळे मिटून उभा राहिलो तेव्हा तिलाही नाही. दारू पोटात असताना मी शेजारच्या बाळारामला आयुष्यातल्या सगळ्या भानगडी सांगितल्यात. ही एक सोडून. जीभ तिथपर्यंत जायची आणि मागं फिरायची.

माझी शाळा चौथीपर्यंत. येईल तसं लिहितो. शुद्धलेखन तपासायला बसणार असाल तर कागद इथंच ठेवा.

आमचं गाव पेण तालुक्यात, कासू स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मी गाडी चालवली. आधी दुसऱ्यांचे ट्रक, मग स्वतःची डिझेल व्हॅन. घेतली तेव्हाच जुनी होती ती, पण माझी होती. आजूबाजूच्या गावांतली माणसं रोह्याकडच्या कंपन्यांत शिफ्टला जायची, त्यांना मी नेत-आणत होतो. घराघरातल्या बायका माझा हॉर्न ऐकून डबा भरायच्या. नानाची गाडी चुकत नाय, असं बोलायची माणसं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. — बरं, सांगतोय. बढाईच आहे. पुढचं सगळं त्या बढाईपायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकलेली बरी.

त्या उन्हाळ्यात गाडी आतून वाजायला लागली. चढाला जोर दिला की ठक-ठक-ठक, कुणी आत बसून दार वाजवतंय असं. गाडी उभी असली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. मला विचारायची गरज नव्हती. बेअरिंग गेली होती.

तुम्हाला बेअरिंग म्हटलं की सायकलच्या गोळ्या आठवतील. इंजिनातली ही तशी नसते. बांगडी मधोमध कापली तर जसे दोन तुकडे होतील, तसे दोन तुकडे. क्रँक म्हणजे इंजिनाचा जो मुख्य दांडा फिरतो, त्याला ते दोन्ही बाजूंनी मिठी मारून बसतात. मधे फक्त तेल. त्या तेलावर सगळी गाडी चालते. तुकडे झिजले की मिठी सैल होते, आणि सैल झाली की दांडा आपटायला लागतो.

माझ्या जवानीत या बेअरिंगा जाड असायच्या, आतून मऊ धातूच्या. नवी आणली तरी तशीच बसवत नव्हते, हातानं खरवडून बसवावी लागायची. ट्रकवर होतो तेव्हाचा माझा उस्ताद कंदिलाच्या काचेची काजळी तेलात कालवायचा. ती दांड्याला लावायची, बेअरिंग चढवायची, फिरवायची, परत काढायची. जिथं काळं लागलं तिथं उंच. तेवढंच खरवडायचं, पापुद्र्याएवढं. परत काजळी, परत चढव, परत काढ. जुन्या कानशीला धार लावून त्यानं स्क्रेपर केला होता. त्याच्या हाताखालच्या सगळ्या माणसांत त्यानं ते काम मला एकट्याला दिलं, आणि त्याचे हात थकले तेव्हा स्क्रेपरही मलाच दिला. चौथी शिकलेल्या माणसाकडे लोकांना दाखवायला काय असतं? माझ्याकडे तो स्क्रेपर होता.

आता दत्ताचं सांगतो. दत्ता म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. यांची आई लवकर गेली, म्हणून सुलोचनानंच त्याला वाढवला. माझ्याशी लग्न करून आली तेव्हा तो तिच्या पदराला धरून स्टेशनपर्यंत रडत आला होता. पुढं रोह्यात दुसऱ्याच्या गॅरेजात राब राब राबला, आणि त्या वर्षी पाडव्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. भाड्याचा गाळा, पत्र्याचं शटर, आणि वर पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी. पाटीवर नाव बहिणीचं. ‘सुलोचना मोटर गॅरेज’. आमची ही ती पाटी बघून रस्त्यातच रडली होती. मी बोललो, "गो, रडतीस काय, तुझ्या नावानं आता लोकांच्या गाड्या ढकलणार." दत्ता हसला. आमचं असंच होतं. साला-भावोजीची थट्टा चालायचीच.

घरचं काम म्हणून तोच आमच्याकडे आला. अंगणात गाडीची पुढची चाकं चिऱ्यांवर चढवली आणि तो खाली शिरला. गावात गाडीचं इंजिन उघडलं की माणसं जमतात, तशी जमली. दत्तानं खालचा तेलाचा चेंबर काढला, एकेक कनेक्टिंग, म्हणजे पिस्टनपासून क्रँकला येणारा हात, सोडवली, प्रत्येकीवर पंचानं खूण केली आणि गोणपाटावर ओळीनं मांडली. जुने तुकडे काढून दाखवले. झिजून आतलं तांबूस दिसत होतं. क्रँक त्यानं मोजून बघितला. मला बोलला, "दांडा शाबूत हाय, भावोजी. तुमी वेळेवर सांगितलंत. नव्या बेअरिंगा टाकल्या की झालं."

मी ओट्यावर बसून सल्ले देत होतो. कुणी मागितले नव्हते. मग मी आत गेलो, पेटीतून स्क्रेपर काढला, फडक्यानं पुसला आणि गाडीखाली त्याच्यापुढं धरला.

त्यानं बघितलं. आणि हसला तो. वाईट हसला नाही, खरंच सांगतो, लहान भाऊ हसतो तसा हसला. "भावोजी, ह्या बेअरिंगांना खरवडायचं नसतं आता. वरचा थर कागदाएवढा हाय. तुमचा स्क्रेपर ताईला द्या, खोबरं खरवडायला होईल."

अंगण हसलं. बाळारामनं मांडीवर थाप मारली. "नाना, आता वडी खायला येतो तुमच्याकडं!" सुलोचना चहा घेऊन आली होती, तीही हसली — तोंडाला पदर लावून, पण खांदे हलत होते तिचे.

मीही हसलो. तेच वाईट झालं. रागावलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, तर ते तिथंच संपलं असतं. मी हसलो आणि स्क्रेपर फडक्यात गुंडाळला.

दुपारपर्यंत त्यानं चारही बेअरिंगा बसवल्या. मोजून आवळायचा त्याचा पाना होता, हवा तेवढा जोर झाला की कट्ट वाजायचा. मग क्रँक हातानं फिरवून बघितला. मीही बघितला. मला जड लागला.

"घट्ट हाय," मी बोललो.

"नवीन हाय, भावोजी. तेल फिरलं की मोकळा होईल."

चेंबरचं पॅकिंग काढताना फाटलं होतं. नवं रोह्याहून आणायला हवं. उद्या सकाळी घेऊन येतो, चेंबर चढवतो, तेल भरू, मग चालू करू, असं ठरलं. हात पुसत पुसत तो गाडी पकडायला निघाला. फाटकातून वळून बोलला, "तवर कशाला हात नका लावू."

हात नका लावू. मला. माझ्या अंगणात, माझ्या गाडीला.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. मी मोठं कारण शोधून बघितलंय. इतकी वर्षं शोधतोय. नाही सापडलं.

सुलोचना शेजारी पापड लाटायला गेली होती. बाळाराम मिठागरावर. ऊन असं की कुत्रं सावली सोडेना. मी गाडीखाली शिरलो, आणि त्यानं आवळलेलं सगळं सोडवलं. पहिली बेअरिंग काढली. काजळी कालवायला वेळ लागला नाही. आत चूल होती, तेल होतं. लावली, चढवली, फिरवली, काढली. आणि स्क्रेपर टेकवला.

पहिल्याच हाताला मला कळलं. जुना धातू साबणासारखा निघायचा. हा तसा निघाला नाही. वरचा करडा पापुद्रा सरकला आणि खाली तांबूस दिसलं — सकाळी झिजलेल्या तुकड्यात दिसलं होतं तेच. मला समजलं. मी अडाणी असेन, आंधळा नाही. तिथं थांबता आलं असतं. एक बेअरिंग खराब झाली होती, दत्ताला सांगायचं, अरे, मी चाळा केला, दुसरी आण. तो हसला असता. परत खोबऱ्याचं काढलं असतं.

मी चारही खरवडल्या.

मग अंदाजानं आवळल्या, माझ्या पान्यानं, माझ्या मनगटाच्या जोरावर, जसं आयुष्यभर आवळलं तसं. आणि क्रँक फिरवला. एका हातानं फिरला. लोण्यात सुरी फिरावी तसा. मी गाडीला टेकून बसलो, विडी पेटवली. तुमच्याशी खोटं बोलून काय करू? त्या दुपारी मला जेवढं बरं वाटलं तेवढं मुलीच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

सकाळी दत्ता पॅकिंग घेऊन आला. चेंबर चढवण्याआधी सवयीनं क्रँकला हात घातला, आणि थांबला. परत फिरवला. गाडीखालून मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं त्यानं.

"भावोजी, काय उघडलं नाय ना?"

"माझं काय काम हाय त्यात?" मी बोललो. "तूच बोललास ना, मोकळा होईल."

"तेल फिरल्यावर बोललो मी."

"मंग? तू लावलंस ना तेल बसवताना?"

 त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. परत उघडून बघायचं म्हणजे भावोजी खोटं बोलतो असं म्हणायचं. बहिणीच्या दारात बसून. तिच्या हातचा चहा बाजूला ठेवलेला. त्यानं मान आत घेतली आणि चेंबर चढवला.

त्याची चूक काढायचीच असेल तर ही एवढी. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

गाडी चालू झाली, तर आवाज असा गोड की बाळाराम बोलला, नवरीसारखी बोलतेय. मी दत्ताकडे बघितलं. मनात म्हटलं, बघ, कुणाच्या हाताचं काम आहे ते. त्याला ते कळणार नव्हतं, आणि मला ते त्याला कळायला हवं होतं. विचित्र आहे ना? चोरी करायची, आणि वर कुणी शाबासकी देत नाही म्हणून झुरायचं.

पाऊस संपेपर्यंत गाडी चालली. मग हळूहळू परत ठक-ठक. लाल दिवा. मी ऐकलं. मला कशाचा आवाज आहे ते जगात माझ्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तरी मी चालवत राहिलो. दत्ताला सांगितलं असतं तर त्यानं चेंबर उघडला असता.

नागोठण्याच्या अलीकडे, पहिल्या शिफ्टची माणसं घेऊन जाताना, इंजिनात स्फोट झाल्यासारखा आवाज आला. बेअरिंग फिरली, कनेक्टिंग तुटली, तिचं तुटलेलं टोक इंजिनाच्या अंगातून आरपार बाहेर आलं. रस्त्यावर काळं तेल. देवाची कृपा म्हणा, गाडी बाजूला घेता आली, कुणाला खरचटलंही नाही. माणसं खाली उतरून उभी राहिली, डबे हातात. सगळ्यांची शिफ्ट बुडाली. कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार मोटरसायकलवर आला. वाकून बघितलं, तोंड वाकडं केलं.

"नाना, उन्हाळ्यात तर काम केलेलंत ना? बेअरिंग कोणी बसवली होती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी बोललो, "दत्तानं बसवली होती."

बघा तपासून. एक अक्षर खोटं नाही. दत्तानंच बसवली होती.

निरनिराळ्या गावांची माणसं ती. कंपनीच्या गेटवर गेली, कॅन्टीनला गेली, संध्याकाळी आपापल्या गावात गेली. मला दुसऱ्यांदा बोलायची गरजच पडली नाही.

दत्ताला कळलं तसा तो धावत आला. गाडी ओढून अंगणात आणली होती. परत माणसं जमली, उन्हाळ्यात जमली होती तीच, आणि वर ठेकेदार. कुणी चहा मागितला नाही. दत्ता खाली शिरला, चेंबर सोडवला. एका बेअरिंगचा भुगा झाला होता. पण बाकीच्या तीन होत्या. त्यानं एक काढली. बाहेर आला. उन्हात धरली.

स्क्रेपरच्या खुणा कशा असतात ठाऊक आहे? नखं मारल्यासारख्या. छोट्या छोट्या चंद्रकोरी, एकीला लागून एक. माझ्या उस्तादाचा हात तसाच पडायचा, माझाही तसाच पडतो. गाडी चालून चालूनही कडेच्या पुसल्या गेल्या नव्हत्या. त्यानं अंगठा फिरवला त्यावरून. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे बघितलं.

मी ओट्यावर बसलो होतो. मला वाटलं, आता बोलेल. आता सगळ्यांसमोर बोलेल, आणि बोलावं. मी कसा उठेन, काय शिवी देईन, हेसुद्धा मी ठरवलं होतं.

त्याआधी सुलोचना बोलली. माझ्या मागं, दाराच्या चौकटीला धरून. "काय केलंस रं हे, दत्ता? माझ्या संसाराची चाकंच काढलीस की तू. शिकला शिकला बोलतात, हेच शिकलास?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. परत माझ्याकडे. मी काय करत होतो? मी विडी झाडत होतो.

"चुकलं, ताई," तो बोलला. "माझ्याकडनंच काहीतरी राहिलं असंल."

ठेकेदारानं मान हलवली. बाळारामनं तोंड फिरवलं. दत्ता ओट्यापाशी आला, तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, आणि माझी बोटं त्यावर मिटवली — लहान पोराच्या हातात गोळी द्यावी तशी. कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलला, "ही तुमच्याकडंच राहू द्या." आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गाडी उद्या सकाळी माझ्याकडं आणा, भावोजी. इंजिन मी परत उभं करून देतो. गॅरेज बंद ठेवीन पण आधी हे करीन."

कळलं तुम्हाला त्यानं काय केलं ते? त्यानं मला वाचवलं. बहिणीसमोर तिचा नवरा खोटा पडू नये म्हणून स्वतःचं नाव चुलीत घातलं. आणि त्या नावाला परत उभं करायची वाटही काढली होती. गाडी त्याच्याकडे गेली असती, त्यानं ती धडधाकट करून परत दिली असती, लोकांनी बघितलं असतं, बोलले असते, चुकला पण निस्तरलं पोरानं. महिन्याभरात विसरले असते. मला काही कबूल करायचंही नव्हतं. नुसती गाडी न्यायची होती. गप बसून.

गॅरेज त्यानंतर वर्षभरही टिकलं नाही. रोह्याच्या त्याच आळीत, त्याच्या गाळ्यासमोर, दुसऱ्या एकाचं जुनं गॅरेज होतं. जीपवाले, टेम्पोवाले सगळे तिकडे वळले. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची गाडी ज्यानं रस्त्यावर बसवली तो आपली काय नीट ठेवणार, असं बोलायचे. दत्तानं शटर ओढलं, पाटी उतरवली आणि कंपनीत हेल्पर म्हणून लागला. अजून तिथंच आहे. पिंपं ढकलतो.

सुलोचना त्याच्याशी बोलत नाही. माझ्या बाजूनं उभी राहिली ती — माझ्या! पहिल्या दिवाळीला दत्ता भाऊबीजेला आला होता. तिनं फाटक उघडलं नाही. "ज्यानं माझ्या घराच्या पोटावर पाय दिला त्याला ओवाळू?" त्यानं हातातली पिशवी फाटकाला अडकवली आणि गेला. मी पडवीत होतो. पिशवीत साडी होती. तिनं ती कुणाला तरी देऊन टाकली. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं असतं. हिला आहे. चंद्राच्या कोरीपुढं ताट फिरवते, आणि मी मागं बसून बघतो. त्या कोरीकडे बघून मला दुसरंच काहीतरी आठवतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग आता का लिहायला बसलो? गेल्या महिन्यात वडखळला चहा पीत होतो. शेजारी एक ड्रायव्हर, चांगला बाप्या माणूस, बोलता बोलता इंजिनचं निघालं. मला बोलला, "काका, काम कधी नातेवाईकाकडं देऊ नका. रोह्यात एक दत्ता म्हणून होता, सख्ख्या भावोजीचं इंजिन फोडलं त्यानं. बिचारा म्हातारा रस्त्यावर आला." त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं. मला माझीच थाप उपदेश म्हणून ऐकवत होता. आणि मी काय केलं? "व्हय काय?" बोललो. चहा संपवला.

म्हणजे बघा, परवासुद्धा.

आमची ही सातवी शिकलीय, मला पेपर ती वाचून दाखवते. हा कागद तिच्या हाती पडेल. पडू दे. तुकडा माझ्या पेटीत आहे, स्क्रेपरच्याच फडक्यात.

पण मी जे सांगायला बसलो ते अजून सांगितलंच नाही. बेअरिंग खरवडली, ती माझी ऐट. रस्त्यावर बोललो, ती भीती. ओट्यावर गप बसलो, तोही भित्रेपणाच. या सगळ्याला काहीतरी नाव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जे केलं त्याला मला नाव सापडत नाही. मला कसली भीती उरली नव्हती तेव्हा. त्यानं सगळं स्वतःवर घेतलं होतं. मला फक्त त्याचं तोंड बघवत नव्हतं. तो गाडीखाली झोपून माझी घाण साफ करणार, मी शेजारी स्टुलावर बसणार, आणि त्याला ठाऊक असणार. तो कधी बोलणार नाही, आणि त्याला ठाऊक असणार. जन्मभर. मला ते सहन होईना.

सकाळी मी बाळारामच्या भावाचा टेम्पो बोलावला. व्हॅनला दोर बांधला. सुलोचनाला सांगितलं, रोह्याला नेतोय. टेम्पोवाल्याला कुठं थांबायचं ते निघतानाच सांगून ठेवलं होतं. मी व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसलो. दोरावर ओढली जाणारी गाडी सांभाळायला माणूस लागतो.

आळीत शिरलो तेव्हा दत्ता रस्त्यातच उभा होता. लवकर येऊन शटर उघडलं होतं त्यानं. आतल्या दुसऱ्या गाड्या बाहेर काढून जागा मोकळी केली होती, झाडून पाणी मारलं होतं. इंजिन उचलायची चेन वर टांगून तयार. खाली गोणपाट पसरलेलं, त्यावर पाने ओळीनं. वर बहिणीच्या नावाची पाटी. समोरच्या गॅरेजात, चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडला, सगळीकडे माणसं होती. त्यांना बातमी आदल्या दिवशीच लागली होती, सगळे बघत होते. दत्तानं हात वर केला आणि टेम्पोला खुणावलं — या, या, डावीकडं घ्या.

टेम्पो डावीकडे वळला नाही. उजवीकडे वळला, समोरच्याकडे.

त्याला वाटलं, टेम्पोवाला चुकला. तो व्हॅनच्या बाजूनं चालायला लागला, मग धावायला. हात माझ्या दारावर ठेवलेला, हसत होता, दम लागला होता. "भावोजी, हितं! हितं! त्याला थांबवा, हितं हाय आपलं —"

मी समोर बघत होतो. उजव्या हातानं काच वर केली.